५२ सेकंद, पाच पितळी वाद्यं आणि एक ताशेवाला

कोणी पीएमपीएमएलमध्ये लोंबकळत ऐकत असेल, कोणी भांडी घासताना, आणि ज्यांना कानापेक्षा डोळ्यांनी ऐकायला आवडतं ते नेहमीप्रमाणे इथे ब्लॉगवर वाचत असतील. सगळ्यांचं स्वागत.

आजचा विषय जरा वेगळा आहे. सोमवार ते शुक्रवार मी हिंजवडीत बॅकएंडचा कोड लिहितो, हे तुम्हाला माहितीच आहे. पण शनिवार-रविवार मी ट्रम्पेट वाजवतो. बीटेकच्या तिसऱ्या वर्षाला हातात आलेला ट्रम्पेट अजून सुटला नाही. गेली काही वर्षं आमचा सहा जणांचा छोटा ग्रुप आहे : दोन ट्रम्पेट, एक युफोनियम, एक ट्रॉम्बोन, एक ट्यूबा आणि एक ड्रमवाला. आम्ही बाकीही गाणी वाजवतो, पण आम्हाला सगळ्यात जास्त बोलावणं येतं ते राष्ट्रगीतासाठी. १५ ऑगस्ट, २६ जानेवारी, १ मे, कुठल्या शाळेचा क्रीडादिन, कधी एखाद्या कंपनीत परदेशी पाहुणे आले तर त्यांचंही राष्ट्रगीत.

तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? ५२ सेकंदांचं गाणं, सगळ्यांना पाठ. तेच तर. जे सगळ्यांना पाठ आहे, ते वाजवणं सगळ्यात अवघड. एखाद्या सिनेमाच्या गाण्यात एक सूर इकडे-तिकडे झाला तर कोणाला कळत नाही. राष्ट्रगीतात शेवटच्या रांगेतल्या पहिलीतल्या मुलालाही कळतं.

आधी थोडा इतिहास सांगतो, कारण राष्ट्रगीत आणि बँड यांचं नातं आपल्याला वाटतं त्यापेक्षा जुनं आणि जवळचं आहे. जपानचं उदाहरण घ्या. १८६९ च्या सुमारास जॉन विल्यम फेंटन नावाचा ब्रिटिश बँडमास्तर योकोहामात होता. प्रत्येक देशाला एक राष्ट्रगीत असतं, तुमचंही हवं, ही गोष्ट जपान्यांच्या मनावर घेणारा हाच माणूस. त्याने 'किमिगायो'ला एक चाल लावली. ती काही टिकली नाही. १८८० मध्ये दरबारी संगीतकारांनी नवी चाल केली आणि फ्रान्झ एकर्ट या जर्मन बँडमास्तराने ती बँडसाठी बसवली. आपल्या शेजारी पाकिस्तानात तर चाल आधी आणि शब्द नंतर आले. अहमद चागला यांनी १९४९ मध्ये संगीत दिलं, १९५० मध्ये इराणचे शहा आले तेव्हा नौदलाच्या बँडने नुसती धून वाजवली, आणि हफीज जालंधरींचे शब्द स्वीकारले गेले १९५४ मध्ये. स्पेनच्या राष्ट्रगीताला तर आजही अधिकृत शब्द नाहीत. म्हणजे काही देशांसाठी राष्ट्रगीत ही मुळात वाजवायची गोष्ट आहे, गाण्याचं नंतर बघू.

आपल्याकडेही बँडचा मुद्दा आला होता. १९४७ मध्ये न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या वेळी आपल्या शिष्टमंडळाकडे राष्ट्रगीताची मागणी झाली. तिथल्या वाद्यवृंदाला वाजवायचं होतं. देश नवा कोरा, राष्ट्रगीत अजून ठरलेलं नाही! शिष्टमंडळाकडे 'जन गण मन'ची ध्वनिमुद्रिका होती, ती दिली, वाद्यवृंदाने सराव करून वाजवली आणि लोकांना आवडली. पुढे ऑगस्ट १९४८ मध्ये पंडित नेहरूंनी हा किस्सा घटना समितीत सांगितला. चाल वाद्यवृंदावर आणि बँडवर नीट वाजली पाहिजे, हा त्यांचा एक मोठा मुद्दा होता, आणि 'वंदे मातरम्' तसं वाजवायला कठीण, असं त्यांचं मत होतं.

आता इथे एक मराठी माणूस येतो. मास्तर कृष्णराव फुलंब्रीकर. आळंदीत जन्मलेले, गंधर्व नाटक मंडळीत गाजलेले, 'माणूस' आणि 'शेजारी'चं संगीत देणारे. 'वंदे मातरम्' बँडवर बसत नाही म्हणता? मग बसवूनच दाखवतो, असं त्यांनी ठरवलं. झिंझोटी रागात चाल बांधली, बँडवर वाजेल अशी रचना तयार करून घेतली आणि घटना समितीच्या सदस्यांसमोर प्रात्यक्षिकही दिलं. शेवटी २४ जानेवारी १९५० ला 'जन गण मन' राष्ट्रगीत झालं आणि 'वंदे मातरम्'ला तेवढाच मान दिला गेला. पण विचार करा, मैफिलीत ख्याल गाणारा एक गवई, ट्रम्पेट आणि ट्रॉम्बोनला काय जमेल याचा अभ्यास करत बसलाय. आमच्यासारख्यांना हे वाचून बरं वाटतं.

आता आमच्या तालमीकडे येऊ. पहिला प्रश्न : पट्टी कोणती?

ट्रम्पेट हे विचित्र वाद्य आहे. मी कागदावरचा 'सी' वाजवला की कानाला ऐकू येतो 'बी फ्लॅट', म्हणजे आपली काळी पाच. ट्रॉम्बोन आणि ट्यूबावाले जे लिहिलंय तेच वाजवतात. युफोनियमसाठी दोन्ही पद्धतींनी लिहितात. म्हणजे एकाच सुराला प्रत्येकाच्या कागदावर वेगळं नाव. तुमच्यातले जे कोड लिहितात त्यांना हे लगेच कळेल, कारण हा सरळसरळ टाइमझोनचा प्रॉब्लेम आहे. सर्व्हरवर सगळं यूटीसीमध्ये ठेवायचं आणि दाखवताना ज्याला त्याला त्याच्या घड्याळाप्रमाणे दाखवायचं. आम्हीही मूळ प्रत कानाला ऐकू येणाऱ्या सुरात ठेवतो आणि त्यावरून प्रत्येकाचा कागद काढतो.

पण खरा वाद झाला तो वेगळाच. 'जन गण मन'ची चाल मंद्र नी पासून तार सा पर्यंत जाते. एका सप्तकापेक्षा जरासंच जास्त. अमेरिकेच्या राष्ट्रगीताचा पल्ला दीड सप्तक आहे, त्या मानाने आपलं गायला सोपं. तरीही सा कुठे धरायचा यावर सगळं अवलंबून. काळी दोन धरली तर ट्रम्पेट असा चमकतो की ऐकत राहावं. पण शेवटच्या जयघोषात जेव्हा सूर वरच्या सा ला जातो, तेव्हा सर्वसाधारण माणसाचा गळा हात वर करतो. अर्धे लोक गप्प होतात, उरलेले खाली उतरून पुटपुटतात. काळी पाच धरली तर आजोबांपासून नातीपर्यंत सगळे आरामात गातात, पण ट्रम्पेट खालच्या सुरांत दबका वाजतो. चमक जाते.

आमच्यात दोन पार्ट्या पडल्या. आमचा दुसरा ट्रम्पेटवाला, माझ्यासारखाच आयटीतला, म्हणाला, "अरे, लोक बँड ऐकायला येतात, बँड भारी वाजला पाहिजे." ट्यूबा वाजवणारे काका लष्करी बँडमधून निवृत्त झालेत. ते जास्त बोलत नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "लोक उभे राहून काय करणार आहेत? ऐकणार का गाणार?" मग निकाल लागला. काळी पाच. सुरुवातीची चाल युफोनियमकडे दिली, कारण त्याचा आवाज त्या जागेत माणसाच्या गळ्यासारखा भरदार लागतो. ट्रम्पेट मधे येतात, आणि शेवटच्या जयघोषाला पहिला ट्रम्पेट मूळ चाल सोडून तिच्या वरची साथ वाजवतो. लोकांचा गळा जिथे आहे तिथे राहतो आणि चमक वरून मिळते.

दुसरी गोष्ट श्वास. मोठ्या बँडमध्ये चार ट्रम्पेट असतात, एकाने श्वास घेतला तर तिघे वाजवत असतात. आमच्याकडे प्रत्येक आवाजाला एकच माणूस. श्वास घेतला की तिथे भोक पडतं. म्हणून आम्ही आधी शब्द मोठ्याने म्हणतो, मग कागदावर शब्दांच्या मधे श्वासाच्या खुणा करतो. शब्द तोडून श्वास घ्यायचा नाही, हा नियम. प्रांतांची नावं एकामागोमाग येतात तिथे तर एखादा प्रांत मधेच कापला गेला तर लोक हसतील! ट्यूबाला सगळ्यात जास्त हवा लागते, म्हणून काका कधी श्वास घेतात ते पाहून बाकीचे आपला श्वास पुढे-मागे करतात.

तिसरी गोष्ट शेवट. तुम्ही कधी लक्ष दिलंय का, आपलं राष्ट्रगीत सा वर संपत नाही? सुरू होतं सा-रे-ग असं, आणि थांबतं 'म' वर. गाणं घरी येऊन बसत नाही, उंबऱ्यावर उभं राहतं. मूळ कवितेला पुढे आणखी कडवी आहेत, त्यामुळे ते तसं शोभतंही. पण वाजवताना धोका असा की शेवटचा सूर लटकत राहतो आणि प्रत्येकजण आपापल्या अंदाजाने सोडतो. काका म्हणतात, "फुगवायचा नाही, तोडायचा नाही, मोजायचा." मोजतो.

चौथी गोष्ट हवामान. २६ जानेवारीला पुण्यात पहाटे काय थंडी असते तुम्हाला माहितीये. पितळी वाद्य गार पडलं की सूर उतरतो. मोबाइलवरच्या ट्यूनरमध्ये काटा चक्क खाली दिसतो. म्हणून झेंडावंदनाआधी आम्ही कोपऱ्यात उभे राहून वाद्यात नुसती हवा फुंकत असतो. बघणाऱ्यांना वाटतं यांची वाद्यं बंद पडलीत.

आणि आता आमचा सहावा माणूस. गृह मंत्रालयाच्या राष्ट्रगीताबद्दलच्या सूचनांमध्ये लिहिलंय की बँडवर राष्ट्रगीत वाजवताना, आधी दुसरी काही इशारतीची धून नसेल तर, ड्रमचा रोल द्यायचा. संथ संचलनाच्या सात पावलांएवढा. हळू सुरू होऊन जास्तीत जास्त मोठा व्हायचा, परत हळू व्हायचा, पण सातव्या ठोक्यापर्यंत ऐकू आला पाहिजे. मग एक ठोका शांतता. आणि मग राष्ट्रगीत. किती नेमकं स्पेसिफिकेशन आहे बघा! आमच्या क्लायंटने असं लिहून दिलं असतं तर आयुष्य सुखी झालं असतं. हा रोल वाजवतो आमचा ढोल-ताशा पथकातला ताशेवाला. विसर्जन मिरवणुकीत तासन्‌तास तर्री वाजवणाऱ्या त्या मुलाला सात पावलांत चढून उतरायला शिकणं सगळ्यात जड गेलं, आणि आता तो एक ठोक्याची शांतता अशी धरतो की मैदानातली कुजबुज थांबते.

परदेशी राष्ट्रगीतांचं वेगळं टेन्शन. मार्च २०१२ मध्ये कुवेतमध्ये नेमबाजीच्या स्पर्धेत कझाकस्तानच्या खेळाडूला सुवर्णपदक मिळालं, ती पोडियमवर उभी, आणि स्पीकरवर लागलं 'बोराट' या विनोदी सिनेमातलं टिंगल करणारं खोटं राष्ट्रगीत. कोणीतरी इंटरनेटवरून उतरवून घेतलेलं. बिचारी छातीवर हात ठेवून ऐकत उभी राहिली. अगदी अलीकडे, फेब्रुवारी २०२५ मध्ये लाहोरला ऑस्ट्रेलिया-इंग्लंड सामन्याआधी क्षणभर आपलं राष्ट्रगीत वाजलं, ती क्लिप तर तुमच्या सगळ्यांच्या फोनवर आली असेल. म्हणून आमचा नियम आहे : पहिल्या सर्च रिझल्टवर विश्वास नाही. त्या देशाचं अधिकृत रेकॉर्डिंग ऐकायचं, दोन वेगवेगळ्या ठिकाणच्या प्रती ताडून बघायच्या, आणि शक्य असेल तर त्या देशाच्या माणसाला आधी फोनवर ऐकवायचं.

'किमिगायो' बसवताना मजा आली. सुरुवातीला आणि शेवटी सगळे एकाच सुरात वाजवतात, साथीचे सूर फक्त मधे. आम्हाला मोह होत होता की शेवटी भरघोस काहीतरी टाकूया. नाही टाकलं. दुसऱ्याच्या घरी गेल्यावर आपण त्यांच्या देवघरातल्या मूर्ती हलवत नाही.

आता ज्या गोष्टीसाठी हा भाग खरं तर करायचा होता, तिच्याकडे येतो.

आमचा युफोनियम वाजवणारा दादा लग्नाच्या बँडमध्ये आहे. त्याचे वडीलही तिथेच वाजवायचे. आमच्या सहा जणांत सगळ्यात सुरेल तो आहे, हे मी नम्रपणाने म्हणत नाहीये, ट्यूनरवर दिसतं. त्याला पाश्चात्य नोटेशन वाचता येत नाही, म्हणून त्याच्यासाठी आम्ही सरगम लिहितो, आणि बहुतेक वेळा ती लिहून होईपर्यंत त्याने कानाने उचललेलं असतं. डीजे आल्यापासून त्याच्या सुपाऱ्या कमी झाल्यात. लग्नसराईत मिळतं त्यावर वर्ष काढायचं.

एकदा एका मोठ्या सोसायटीत, नाव घेत नाही, आम्हाला १५ ऑगस्टला बोलावलं होतं. नाश्ता गच्चीवरच्या हॉलमध्ये होता. आम्ही पाचजण लिफ्टपाशी उभे, आणि दादाला एका कार्यकर्त्याने सांगितलं, "बँडवाल्यांनी सर्व्हिस लिफ्टने या." दादाच्या अंगावर त्याच्या बँडचा लाल कोट होता, आमच्या अंगावर कुर्ते. एवढाच फरक. दादा काही न बोलता वळला. त्याला सवय होती, आणि तेच मला सहन होईना. कारण पाच मिनिटांपूर्वी त्याच माणसाच्या सुरावर अख्खी सोसायटी सावधान उभी होती.

काका सर्व्हिस लिफ्टकडे चालू लागले. मग आम्ही सगळेच. सहा माणसं, एक ट्यूबा आणि कचऱ्याचे दोन ड्रम, असे वर गेलो. वर कोणाला काही कळलं असेल असं वाटत नाही. दादा लिफ्टमध्ये म्हणाला, "अरे, तुम्ही कशाला?" कोणी उत्तर दिलं नाही.

त्या रात्री आम्ही बसून तीन गोष्टी ठरवल्या. एक, सगळ्यांचा पोशाख सारखा. पांढरा शर्ट, काळी पँट, संपलं. दोन, बोलावणाऱ्याला आधीच सांगायचं की आम्ही सहा जण एकत्र येतो, एकत्र बसतो, एकत्र खातो. तीन, पैसे. हा मुद्दा सगळ्यात नाजूक, कारण "राष्ट्रगीताचे कसले पैसे घेता?" हा प्रश्न ठरलेला असतो. मीही राष्ट्रगीताचे पैसे घेत नाही. माझा पगार महिन्याच्या शेवटी बँकेत येतो, मला देशभक्ती फुकट परवडते. ज्याचं पोट वाजवण्यावर आहे त्याने सकाळची सुपारी सोडून यायचं आणि वर फुकट वाजवायचं, हा हिशेब बरोबर नाही. त्यामुळे आम्ही मानधन मागतो आणि ते दादा आणि ताशेवाल्याला जातो. ताशेवाला अजून शिकतोय, त्याच्या फीला उपयोगी पडतं. काही ठिकाणी हे ऐकून "मग आम्ही स्पीकर लावतो" असं सांगितलं गेलं. ठीक आहे, त्यांचा निर्णय.

पण त्या स्पीकरबद्दल थोडं बोलतो. ब्लूटूथ स्पीकरवर राष्ट्रगीत लागलं की लोक उभे राहतात, मान्य. पण गात नाहीत. रेकॉर्डिंगमध्ये कोणीतरी आपल्यासाठी गातंय, मग आपण कशाला? शिवाय पट्टी त्यांची, लय त्यांची. समोर हाडामांसाची माणसं वाजवत असली, आणि तुमच्या गळ्याला झेपेल अशा पट्टीत वाजवत असली, की हळूहळू आवाज येतो. आधी पोरं, मग बायका, मग शेवटी मागे गेटपाशी उभे असलेले वॉचमन मामा. आम्ही वाजवताना समोर बघू शकत नाही, पण मागचा आवाज ऐकू येतो, आणि कुठल्या ओळीपासून लोक धीट झाले ते नेमकं कळतं.

तर तुम्हाला एक काम देतो. तुमच्या सोसायटीत, कॉलेजात, ऑफिसात पुढच्या झेंडावंदनाचं ठरत असेल, तर कमिटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एवढं विचारा की आपल्या भागात बँड कुठला आहे. असतोच. चौकात पाटी असते, फक्त लग्नाशिवाय आपण तिकडे बघत नाही. पाचच माणसं बोलवा, पंचवीस नकोत. आठवडाभर आधी भेटा. सांगा की काळी पाचमध्ये वाजवा, लोकांना गायचंय. ५२ सेकंदांत बसतंय का ते मोबाइलवर बघा, आधी सात पावलांचा रोल आणि एक ठोका शांतता ठेवा. ठरलेले पैसे वाजवून झाल्यावर लगेच पाकिटात द्या, "उद्या जीपे करतो" असं नको. आणि नाश्त्याला सगळ्यांबरोबर, त्याच टेबलावर बसवा.

पुढच्या भागात दादा स्वतः येतोय, त्याचा युफोनियम घेऊन. लग्नाच्या बँडमध्ये एका रात्रीत किती गाणी वाजतात आणि नवरदेवाच्या मित्रांच्या फर्माइशी कशा झेलायच्या, ते तो सांगणार आहे. त्याला काही विचारायचं असेल तर कमेंटमध्ये लिहून ठेवा, मी त्याला वाचून दाखवीन.

चला, भेटू. काळजी घ्या!